बेसी-२ वर पहिला बीमटाइम: बॅटरी आणि उत्प्रेरकाचे नमुने घेऊन बर्लिनला जाणाऱ्यांसाठी

बेसी-२ हे बर्लिनचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे मोठ्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण मिळवणारं यंत्र. तिथे मोजणीसाठी मिळणारा ठरावीक वेळ म्हणजे बीमटाइम. पहिला बीमटाइम वाया जातो तो बहुतेक वेळा नमुन्यापायी. रिंग चालू असते, बीमलाइनवर, म्हणजे रिंगमधला प्रकाश प्रयोगापर्यंत आणणाऱ्या वाटेवर, प्रकाश असतो, आणि आपण मात्र चेंबरचं निर्वात सुधारायची वाट बघत बसलेलो असतो, कारण इलेक्ट्रोडमध्ये सॉल्व्हंट उरलेला असतो. किंवा चार दिवस मोजून घरी आल्यावर कळतं की मोजलं ते पदार्थावर साचलेल्या कार्बोनेटचं पापुद्र्यासारखं आवरण. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा नमुन्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी केंद्राची ओळख

हेल्महोल्ट्झ-त्सेंट्रुम बर्लिन ही सार्वजनिक पैशावर चालणारी संस्था २००९ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. वानझेमधलं हान-माइटनर इन्स्टिट्यूट आणि आडलर्सहोफमधली बेसी. दोन्ही आवारं अजून वापरात आहेत, पण एक शहराच्या नैर्ऋत्येला आणि दुसरं आग्नेयेला. राहण्याची जागा ठरवण्याआधी पत्रातला पत्ता नीट वाचा. सिंक्रोट्रॉन आडलर्सहोफला आहे. जुन्या शोधनिबंधांमध्ये याच केंद्रातल्या न्यूट्रॉन प्रयोगांचा उल्लेख सापडतो, पण वानझेची ती अणुभट्टी डिसेंबर २०१९ मध्ये कायमची बंद झाली. न्यूट्रॉन हवे असतील तर अर्ज दुसरीकडे करायचा.

बेसी-२ ची रिंग २४० मीटर परिघाची. १९९८ पासून चालू. इलेक्ट्रॉनची ऊर्जा १.७ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, नेहमीचा करंट ३०० मिलिअँपिअर. एक फेरी ८०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाला साडेबारा लाख फेऱ्या. यातला १.७ हा आकडा लक्षात ठेवा. ऊर्जा तुलनेनं कमी असल्यामुळे हे यंत्र मऊ क्ष-किरणांत, साधारण १०० ते २००० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात, फार सरस आहे. निकेल किंवा लोहाच्या के-एजपर्यंत जाणाऱ्या बीमलाइन्सही तिथे आहेत (केएमसी-२ ही त्यातली एक). एज म्हणजे ज्या ऊर्जेला मूलद्रव्याचं क्ष-किरण शोषण एकदम उडी मारतं ती जागा; के, एल, एम ही अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या कवचांची नावं. पण मॉलिब्डेनमची के-एज, म्हणजे २०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हवी असेल तर हॅम्बुर्गचं पेट्रा-३ किंवा ग्रेनोबलचं ईएसआरएफ यांच्याकडे बघावं. या दोन्ही रिंगा ६ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आहेत.

ऊर्जा-साहित्यावर काम करणाऱ्यांनी एमिल या प्रयोगशाळेची माहिती आवर्जून काढावी. ती २०१६ मध्ये रिंगला लागूनच उभी राहिली. दोन अनड्युलेटर (इलेक्ट्रॉनना नागमोडी वळवून तीव्र प्रकाश काढणाऱ्या चुंबकांच्या रांगा) मिळून ८० ते १०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा पट्टा देतात. पातळ थर बनवायचा आणि तोच थर हवा न लागू देता मोजायचा, ही सोय तिथे आहे.

पायरी १: एज ठरवा, आणि शेजारी कोण आहे ते बघा

कुठल्या मूलद्रव्याची कुठली शोषण-कड, म्हणजे एज, मोजायची हे ठरलं की बीमलाइन आपोआप ठरते. संक्रमण धातूंच्या एल-एज मऊ पट्ट्यात येतात: मँगनीज ६४० च्या आसपास, लोह ७०८, कोबाल्ट ७७८, निकेल ८५३, तांबं ९३२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ऑक्सिजनची के-एज ५४३ ची म्हणतात, पण ऑक्साइडमधला कामाचा भाग ५२८ पासूनच सुरू होतो.

नवखे नेमके इथेच फसतात. आपली एज दिसते, पण तिच्या अंगावर दुसऱ्या मूलद्रव्याची एज बसलेली असते आणि ते प्रस्ताव लिहिताना कुणी पाहिलेलं नसतं. नेहमी भेटणाऱ्या अडचणी अशा:

- कोबाल्टची एल-३ एज ७७८ ला, बेरियमची एम-५ एज ७८० ला. बेरियम असलेल्या कोबाल्टाइट उत्प्रेरकात दोन्ही एकमेकांत मिसळतात. वेगळं करायला के-एज (७७०९) मोजावी लागते.
- निकेलची एल-३ आणि लँथॅनमची एम-४ दोन्ही ८५३ च्या जवळ. लँथॅनम निकेलेटमध्ये निकेलच्या एल-२ वर विसंबावं, किंवा के-एजकडे जावं.
- लिथियम आयर्न फॉस्फेटच्या इलेक्ट्रोडमध्ये बाइंडर, म्हणजे कण एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, म्हणून पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक असतं. त्यातल्या फ्लोरिनची के-एज ६९० च्या आसपास सुरू होऊन लोहाच्या ७०८ पर्यंत डोलत राहते. बाइंडर नसलेला निव्वळ पावडरचा एक नमुना बरोबर ठेवलात तर पार्श्वभूमी वेगळी करता येते.
- व्हॅनेडियमची एल-२ (५२०) ऑक्सिजनच्या पायथ्याला येऊन भिडते. दोन्ही एकाच लांब स्कॅनमध्ये (ऊर्जा टप्प्याटप्प्यानं बदलत केलेल्या मोजणीत) घ्या, तुकडे करू नका.

कागदावर नमुन्यातली सगळी मूलद्रव्यं लिहा. बाइंडर, कार्बन, करंट कलेक्टरचं (इलेक्ट्रोडच्या थराखालच्या पत्र्याचं) अॅल्युमिनियम, नमुना चिकटवायची पट्टी, सगळं. मग प्रत्येकाची एज शोधा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्यानं आठवडा वाचतो.

पायरी २: प्रस्ताव

शास्त्रीय वापरकर्त्याला बीमटाइमचे पैसे पडत नाहीत. अट ही की निकाल प्रकाशित व्हायला हवेत. निकाल गुप्त ठेवायचे असतील तर शुल्क लागतं. अर्ज गेट नावाच्या पोर्टलवरून, वर्षातून ठरावीक मुदतींत घेतले जातात, आणि बाहेरचे तज्ज्ञ त्यांना गुण देतात.

अर्ज लिहिण्याआधी त्या बीमलाइनच्या शास्त्रज्ञाला मेल करा. पोर्टलवर नाव असतं. तीन गोष्टी विचारा: माझ्या पदार्थासाठी ही जागा योग्य आहे का, नमुना किती मोठा बसतो, आणि हवा न लागता आत नेण्याची सोय कोणती. परीक्षकांना अर्जात व्यवहार्यता दिसायला हवी असते, आणि ती या मेलातून येते.

किती वेळ मागायचा? हिशोब असा करा. १२ नमुने, प्रत्येकी ३ एज, प्रत्येक एजचे २ स्कॅन, एका स्कॅनला १० मिनिटं: ७२० मिनिटं, म्हणजे १२ तास. त्यात नमुने बदलणं, पंपिंग, जागा शोधणं आणि संदर्भ मोजणं धरलं की १८ तासांखाली भागत नाही. हा हिशोब अर्जात जसाच्या तसा लिहा. ‘पाच दिवस हवेत’ एवढंच लिहिलेला अर्ज मागे पडतो.

वेळापत्रकात काही आठवडे सिंगल-बंच पद्धतीचे असतात. तेव्हा रिंगमध्ये इलेक्ट्रॉनचा एकच पुंजका फिरतो आणि प्रकाश खूप कमी असतो. वेळेत सोडवलेल्या मोजणीसाठी ते आठवडे सोन्यासारखे. साध्या शोषण-मोजणीला निरुपयोगी. अर्जात ‘मल्टि-बंच’, म्हणजे अनेक पुंजक्यांची पद्धत, असं स्पष्ट लिहा.

सुरक्षेचा भाग घाईत भरू नका. शिसं असलेले पेरोव्हस्काइट, निकेल-कोबाल्टच्या पावडरी, लिथियम धातू, नॅनोकण, वायू: सगळं वजनासह नोंदवा. न नोंदवलेला पदार्थ ऐनवेळी दारात अडतो, आणि तो अडवणं बरोबरच आहे.

पायरी ३: नमुना

मऊ क्ष-किरण काही मिलिमीटर हवेतच संपतात. म्हणून सगळं निर्वातात चालतं, चेंबर १०⁻⁹ मिलिबारच्या घरात असतो, आणि तुमचा नमुना तिथे पाहुणा असतो. जो पाहुणा वाफा सोडतो त्याला बाहेरच थांबावं लागतं.

*न वापरलेले इलेक्ट्रोड.* स्लरीतला (इलेक्ट्रोड बनवताना पत्र्यावर लावलेल्या ओल्या लेपातला) एनएमपी सॉल्व्हंट सच्छिद्र थरात चिवटपणे टिकून राहतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. बोटांनी हाताळू नका. बोटाच्या ठशातलं तेल कार्बनच्या एजवर दिसतं.

*चार्ज-डिस्चार्ज केलेले इलेक्ट्रोड.* सेल ग्लोव्हबॉक्समध्येच (निष्क्रिय वायू भरलेल्या, बाहेरून हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीत) उघडायचा, ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही १ पीपीएमच्या खाली असताना. इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रोलाइटमधलं एलआयपीएफ-६ हे मीठ असतं. ते राहिलं तर ओलाव्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं, आणि फ्लोरिनचा सिग्नलही त्याचाच दिसतो. डायमिथाइल कार्बोनेटमध्ये बुडवून, हलक्या हातानं, दोन-तीनदा धुवा. फार वेळ भिजवत ठेवू नका, नाहीतर जो पृष्ठभाग बघायचा तोच विरघळायला लागतो. धुण्याची वेळ आणि सॉल्व्हंटचं प्रमाण सगळ्या नमुन्यांना सारखं ठेवा, वहीत लिहा. मग ग्लोव्हबॉक्सच्या अँटीचेंबरमध्ये खोलीच्या तापमानालाच निर्वातात वाळवा. इथे ओव्हन नको.

*पावडर.* कार्बन पट्टीवर जाड ढीग करू नका. पसरवा, स्पॅच्युलानं दाबा, मग होल्डर उलटा करून टिचकी मारा. जे पडायचं ते ग्लोव्हबॉक्समध्ये पडू द्या. सुटे कण पंपिंग सुरू होताच उडतात आणि व्हॉल्व्हच्या सीलवर बसतात. मग गळती शोधण्यात दिवस जातो.

*पट्टी.* कार्बन पट्टीच्या चिकट भागात ऑक्सिजन असतो. पावडरीत फट राहिली तर ऑक्सिजनच्या एजवर पट्टीचा वाटा येतो. त्याऐवजी इंडियमच्या मऊ पत्र्यात पावडर दाबून बसवतात. ती पद्धत चांगली, पण इंडियमच्या एम-एज ४४३ आणि ४५१ ला आहेत, अगदी टायटॅनियमच्या एल-एजच्या (४५४) उंबऱ्यावर. टायटॅनियमच्या नमुन्याला इंडियम वापरू नये. काहीही वापरलंत तरी होल्डरवर एक जागा नुसत्या पट्टीची किंवा नुसत्या पत्र्याची ठेवा आणि तीही मोजा.

*वीजवहन.* इलेक्ट्रॉन-यील्ड पद्धतीत नमुन्यातून सुटणारा करंट मोजतात, तो पिको ते नॅनो-अँपिअर इतका बारीक असतो. नमुना रोधक असेल तर पृष्ठभागावर भार साठतो आणि सिग्नल मध्येच गडगडतो किंवा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. थर पातळ करा, किंवा थोडं ग्रॅफाइट मिसळा (मग कार्बनची एज विसरायची). होल्डर आत घालण्याआधी मल्टिमीटरची एक टोक होल्डरला, दुसरी नमुन्याच्या कडेला लावून बघा. दहा सेकंदांची तपासणी आहे.

*कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांसाठी पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती.* इथे निर्वाताची कटकट कमी, पण वजनाचा हिशोब लागतो. निकेल ऑक्साइडचं उदाहरण घेऊ. निकेलच्या के-एजवर (८३३३) शोषण गुणांक दर ग्रॅमला सुमारे ४४ वरून ३२९ चौरस सेंटिमीटरवर उडी मारतो, फरक २८५. उडी १ एवढी हवी, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला ३.५ मिलिग्रॅम निकेल. १३ मिलिमीटरच्या डायचं (चकती दाबायच्या साच्याचं) क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर. एकूण ४.७ मिलिग्रॅम निकेल, म्हणजे ६ मिलिग्रॅम निकेल ऑक्साइड. एवढ्याशा पावडरचा पेलेट उभा राहत नाही, म्हणून १०० मिलिग्रॅमच्या आसपास बोरॉन नायट्राइड किंवा सेल्युलोज मिसळून खलात सावकाश घोटा. कण ५ मायक्रोमीटरहून मोठे राहिले तर किरण काही कणांत पूर्ण अडतात आणि काही फटींतून सरळ निघून जातात. एजचा उंच शेंडा चपटा होतो आणि ऑक्सिडेशन अवस्थेबद्दल चुकीचा निष्कर्ष निघतो. आलेख छानच दिसतो, त्यामुळे ही चूक पकडायला फार अवघड.

पायरी ४: वाहतूक आणि पोचणं

धुतलेले इलेक्ट्रोड ग्लोव्हबॉक्समध्येच अॅल्युमिनियमच्या थराच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. एका पिशवीत एकच संच, म्हणजे एक फाटली तरी बाकीचे वाचतात. प्रत्येक नमुन्याचा जुळा घरी ठेवा. पूर्ण सेल आणि लिथियम धातू हवाई वाहतुकीत धोकादायक माल ठरतात. शक्यतो ते नेऊच नयेत. कुरिअरनं पाठवत असाल तर रसायनाचं सुरक्षा-पत्रक आणि ‘संशोधनाचा नमुना, विक्रीसाठी नाही’ असं संस्थेचं पत्र जोडा, आणि कस्टमसाठी दोन-तीन आठवडे हातात ठेवा. स्वतःचा पोटेन्शिओस्टॅट (सेल चार्ज-डिस्चार्ज करायचं उपकरण) नेत असाल तर एटीए कार्नेट, म्हणजे उपकरण तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद, काढून घ्या. जर्मनीत २३० व्होल्ट आणि दोन गोल पिनांचं शुको सॉकेट आहे.

शेंगेन व्हिसा लागत असेल तर बीमटाइमची तारीख कळल्याच्या दिवशीच निमंत्रणपत्र मागा. माणसं किमान तीन न्या. रिंग रात्रीही चालते, आणि चार रात्री दोघांनीच काढायच्या म्हटलं की तिसऱ्या रात्री चुकीच्या नमुन्याला बरोबर नाव दिलं जातं. रविवारी दुकानं बंद असतात. स्क्रू, फॉइल, हातमोजे, पेन ड्राइव्ह हे सगळं शनिवारपर्यंत घेऊन ठेवा.

पायरी ५: पहिले सहा तास

आल्यावर किरणोत्सर्ग-सुरक्षेचं प्रशिक्षण होतं, मग आत प्रवेश मिळतो. घाई करू नका. व्हॉल्व्ह आणि इंटरलॉक (धोका असताना यंत्र आपोआप अडवणारी कुलपं) कुठले, कुठलं बटण अजिबात दाबायचं नाही, हे बीमलाइनच्या माणसाकडून स्वतःच्या वहीत लिहून घ्या. रात्री दोनला तो माणूस शेजारी नसेल.

पहिला होल्डर संदर्भ-नमुन्यांचा असू द्या. ज्याचं वर्णपट तुम्हाला पाठ आहे असा एक पदार्थ, निकेल ऑक्साइड म्हणा, रोज एकदा मोजायचा. मोनोक्रोमेटरची (प्रकाशातून हवी ती एकच ऊर्जा निवडणाऱ्या भागाची) ऊर्जा दिवसागणिक थोडी सरकू शकते, आणि ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं सरकणं हे ऑक्सिडेशन अवस्थेतल्या फरकासारखंच दिसतं. के-एजवर काम सोपं: धातूची पातळ पट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या आयन चेंबरच्या (किरणांची तीव्रता मोजणाऱ्या वायूच्या पेट्यांच्या) मध्ये ठेवली की प्रत्येक स्कॅनबरोबर संदर्भही आपोआप मोजला जातो.

येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता, ज्याला सगळे आय-झिरो म्हणतात, मऊ पट्ट्यात सोन्याच्या जाळीवरून मोजतात. जाळी जुनी असेल तर तिच्यावरही कार्बन आणि ऑक्सिजन साचलेला असतो. मग आय-झिरोतच ५३० च्या आसपास खड्डा-टेकडी दिसते, आणि भागाकार केल्यावर ती तुमच्या नमुन्यात उमटते. नमुना मोजण्याआधी आय-झिरोचा एकटा आलेख काढून डोळ्यांखालून घाला. ऊबडखाबड असेल तर जाळीवर नवं सोनं चढवता येईल का ते विचारा.

सिग्नल शून्य आला तर क्रमानं बघा: शटर उघडं आहे का, किरण होल्डरवरच पडतो आहे का, आणि नमुना चुकून चेंबरच्या धातूला टेकला आहे का. टेकला असेल तर करंट मीटरकडे न जाता जमिनीत जातो. तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा निघतं.

पायरी ६: मोजणी

स्कॅन एजच्या १० ते १५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आधी सुरू करा आणि नंतर किमान ३० पुढे न्या. शेंड्यांच्या भागात ०.१ ची पायरी, आजूबाजूला ०.५ पुरते. आधीचा सपाट भाग वेळ वाचवायला कापला तर पार्श्वभूमी वजा करायला आधारच राहत नाही.

कुठल्याही नव्या पदार्थावर पहिलं काम किरणांनी होणाऱ्या हानीची चाचणी. एकाच जागी पाच झटपट स्कॅन, एकावर एक ठेवून बघा. चार-संयुजी मँगनीज किरणांखाली क्षपण पावतो, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन खालच्या ऑक्सिडेशन अवस्थेत जातो, आणि ६४० च्या जवळ दोन-संयुजीचा शेंडा हळूहळू वर येतो. चार्ज केलेल्या निकेल-बहुल कॅथोडचंही तसंच. शिशाच्या हॅलाइड पेरोव्हस्काइटमध्ये प्रकाश-इलेक्ट्रॉन मोजणीत १३७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला धातुरूप शिशाचा छोटा शेंडा उगवतो. पाचवा स्कॅन पहिल्यापेक्षा वेगळा असेल तर स्लिट (प्रकाश आत सोडणारी फट) कमी करा, किरण पसरवा, आणि प्रत्येक स्कॅनला नवी जागा द्या. जागांचे निर्देशांक लिहून ठेवा, नाहीतर भाजलेल्याच जागी परत याल.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा: सिग्नल किती खोलीवरून येतो आहे? इलेक्ट्रॉन-यील्ड वरचे ५ ते १० नॅनोमीटर सांगतो. फ्लोरेसन्स-यील्ड, म्हणजे नमुन्यातून परत बाहेर पडणारे क्ष-किरण मोजणं, साधारण १०० नॅनोमीटर. दोन्ही एकाच वेळी नोंदवा, नेहमी. निकेल-बहुल कॅथोडच्या ऑक्सिजन एजवर ५२८ ते ५३० चा भाग स्फटिकातल्या ऑक्सिजनचा, आणि ५३४ च्या जवळचा टोकदार शेंडा लिथियम कार्बोनेटचा. इलेक्ट्रॉन-यील्डमध्ये ५३४ चा शेंडा डोंगराएवढा आणि फ्लोरेसन्समध्ये टेकडीएवढा दिसला तर नमुन्याला कधीतरी हवा लागली आहे, किंवा धुणं कमी पडलं आहे. अशा वेळी ‘पृष्ठभागावरचा ऑक्सिजन बदलला’ असा निष्कर्ष लिहू नये. आधी जुळा नमुना उघडून बघावा. फ्लोरेसन्सवरही आंधळा विश्वास नको. दाट पदार्थात सुटलेला प्रकाश पदार्थच परत गिळतो, त्यामुळे उंच शेंडे बसके होतात. उंचीची तुलना करायची तर इलेक्ट्रॉन-यील्डमध्ये, आणि तीही पृष्ठभाग स्वच्छ आहे याची खात्री झाल्यावरच.

पायरी ७: नोंदी आणि निघण्याआधी

फाइलच्या नावावर विसंबू नका. वहीत प्रत्येक स्कॅनसमोर नमुना, जागा, एज, स्लिट, निर्वात, रिंगचा करंट, वेळ आणि एक वाक्य: ‘सिग्नल मध्येच घसरला’, ‘इंजेक्शनच्या वेळी टोचा आला’. रिंगमध्ये थोड्या-थोड्या वेळानं नवे इलेक्ट्रॉन भरतात, त्या क्षणी कधी एखादा बिंदू उडतो. असे उडालेले बिंदू नंतर नवा शेंडा म्हणून कुणी छापू नये यासाठी ती नोंद. माहितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. शोधनिबंध आल्यावर बीमलाइनचा उल्लेख करा आणि केंद्राला कळवा. पुढच्या प्रस्तावात परीक्षक मागच्या बीमटाइमचं काय झालं हे बघतात.

नमुने, पट्ट्या, मोजे तिथल्या नियमानुसार टाका किंवा बांधून परत न्या. शेवटचे दोन तास नव्या नमुन्यावर घालवू नका. पहिल्या दिवशीचा पहिला नमुना आणि निकेल ऑक्साइडचा संदर्भ पुन्हा आत घाला, नव्या जागी, त्याच सेटिंगवर. दोन्ही आलेख पहिल्या दिवसाशी जुळले तर मधलं सगळं एकमेकांशी ताडून बघता येतं. जुळले नाहीत तर कुठल्या दिवसापासून सरकले ते रोजच्या संदर्भावरून शोधा, आणि बीमलाइनचा माणूस अजून शेजारी आहे तोवर त्याला दाखवा.